व्याह्याच्या बरोबरीची खुर्ची

रखमाजीला राग आला तो व्याह्याच्या पायाच्या अंगठ्याचा. अंगठ्याचा कुणाला राग येतो का, असं तुम्ही म्हणाल. पण त्या दिवशी कळंबला त्या घोंगडीवर तुम्ही बसला असता, तर तुम्हालाही आला असता.

ओतूरचा रखमाजी लेकीला, साळूला, भेटायला तिच्या सासरी गेला होता. व्याही चांगदेव यांनी नुकतीच पुण्याहून खुर्ची आणलेली. (त्या काळी खुर्ची म्हणजे मामलेदाराच्या खाली असायची वस्तू.) चांगदेव खुर्चीवर पायावर पाय टाकून, रखमाजी खाली घोंगडीवर. पीकपाणी, बैलांची खोड, गावची भांडणं, सगळं निघालं. वर बघून बघून रखमाजीची मान अवघडली. त्यानं ती सरळ केली, तर समोर अंगठा. मग पुढचं सगळं बोलणं त्यानं अंगठ्याशीच केलं. अंगठाही मधूनमधून हलायचा, पटल्यासारखा.

परत येताना सबंध वाट तो बैलांवर खेकसत होता. बैलांना काही कळलं नाही.

घरात पाय टाकल्या टाकल्या त्यानं बायकोला, सारजाबाईला, सांगितलं, "दिवाळीला इवाई आपल्याकडं येनार. तवर मी खुर्ची करनार. माज्या हातानं. आन त्याच्या म्होरं ताठ बसनार."

"इकत आना की."

"इकतची त्याच्याकडं बी हाय."

"तुमाला खाटंची सुतळी आवळता येत न्हाई, खुर्ची कुठली करताय?"

ह्यावर रखमाजी रागानं जेवला नाही. (दुसऱ्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या, त्याही रागानंच.)

पेठेत मेहबूब सुताराचं दुकान होतं. माणसाचा हात फार गोड, तोंड मात्र करवतीचं. त्यानं पंधरा दिवस रखमाजीच्या हातात रंध्याशिवाय काही दिलं नाही. रखमाजी रंधा असा ओढायचा, जसा काही खाली व्याहीच आडवा पडलाय.

"रखमाजीभाऊ, लाकडावर कशापायी चिडताय?" मेहबूब म्हणाला. "ते मरून वरीस झालं."

"मंग सरळ का व्हईना?"

"तुमी जित्तेपनी झालात का?"

रखमाजीनं रंधा टाकला आणि घरी गेला. दुसऱ्या दिवशी परत आला, कारण दिवाळीला दीड महिनाच राहिला होता. मेहबूबनं त्याला पटाशी दिली, भोकं पाडायला शिकवलं, खुंट्या ठोकायला शिकवलं. रखमाजीची दोन बोटं फुटली, पण हात बसला. थोडंफार शिकला तो.

एका शुक्रवारी मेहबूब नमाजाला निघाला. जाता जाता म्हणाला, "आता बैठकीच्या फळ्या कापा. तुमी बसल्यावर जेवढी जागा लागती तेवढं माप घ्या. मी येस्तवर थांबा."

पण थांबणं रखमाजीच्या रागात बसत नव्हतं. त्यानं बसून दोरीनं माप घेतलं, सगळं सामान उचललं आणि घरी जाऊन आठ दिवसांत खुर्ची उभी केली. मग मेहबूबला बोलावून आणलं.

मेहबूब खुर्चीभोवती एकदा फिरला. मग उलटा फिरला.

"भाऊ, हिच्यावर दोन मानसं आन एक शेळी बसंल. माप कुनाचं घेतलं?"

"माजंच."

"कसं बसला व्हता?"

रखमाजी बसून दाखवायला खाली बसला. पंगतीला बसतो तसा, ऐसपैस मांडी घालून. जन्मात तो दुसऱ्या रीतीनं बसलाच नव्हता. ह्या गुडघ्यापासून त्या गुडघ्यापर्यंत दोरी बरोब्बर भरली.

"आन पाय कुठं सोडनार?"

"पाय कशाला सोडायचे? ती काय जनावरं हायत?"

मेहबूब भिंतीला टेकला आणि डोळे पुसत राहिला. रखमाजी आठ दिवस त्याच्या दुकानावरून गेला नाही. (चिंचेखालची वाट लांब पडते, पण गेला त्या वाटेनं.)

दिवाळी आली. व्याह्याची गाडी पाणंदीत दिसताच रखमाजी फेटा बांधून खुर्चीवर चढला आणि मांडी घालून ताठ बसला. चांगदेव आत आले, हातपाय धुतले आणि उभे राहिले. रखमाजी बसलेला. चांगदेव उभे. सारजाबाईनं दारातून नवऱ्याकडं असं बघितलं, की भिंतीचा पोपडा पडावा.

"पावनं उभं हायत," ती हळूच म्हणाली.

पाहुणा, त्यातून लेकीचा सासरा. त्याला खाली बसवून आपण वर बसायची रीत ओतुरात नव्हती, कळंबात नव्हती, कुठंच नव्हती. हे रखमाजीला ठाऊक नव्हतं असं नाही. रागाच्या भरात दोन महिने आठवलं नव्हतं एवढंच. तो खाली उतरला.

"बसा इवाई."

चांगदेव बसले, पाय वर घेतले, मांडी घातली. त्यांच्या तोंडावर असं सुख पसरलं, की रखमाजीला बघवेना.

"वा. माज्या खुर्चीत चोरावानी अंग चोरून बसावं लागतं. हिच्यात मानूस बसतो."

तीन दिवस ते खुर्चीतच होते. जेवले तिथं, पान खाल्लं तिथं, दुपारी डुलकी घेतली तिथं. रखमाजी घोंगडीवर. जाताना म्हणाले, "अशी एक माज्याकडं पायजे व्हती राव."

"न्या की, तुमचीच हाय," सारजाबाई म्हणाली. लेकीच्या सासऱ्यानं वस्तू वाखाणली, मग दुसरं काय म्हणणार बापडी. खुर्ची गाडीत चढली. रखमाजी महिनाभर बायकोशी बोलला नाही. तिची तेवढ्यात दोन गोधड्या शिवून झाल्या.

संक्रांतीला तो तीळगूळ घेऊन कळंबला गेला. मनाशी ठरवून, की आता उभ्यानंच बोलायचं. पण चांगदेव आपल्या नव्या खुर्चीत मांडी घालून बसले होते आणि त्यांनी पुण्याची खुर्ची पुढं सरकवली.

"या इवाई, बसा हितं."

रखमाजी बसला. नाकासमोर नाक, डोळ्यासमोर डोळा. चार महिन्यांचा राग भसकन निवला. आता ही जागा सोडायची म्हणून नाही. पाणी आलं, ते बसून प्यायला. साळू नमस्काराला आली, तिला बसून आशीर्वाद दिला. बाकीचे शेत बघायला गेले, हा बसूनच. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत लोंबत्या पायांनी तो व्याह्याच्या बरोबरीनं बसून राहिला.

मग चांगदेवांची बायको लंकाबाई दारात आली. "इवाई, उठा आता, ताट वाढलंय."

रखमाजी ऐटीत उठला. पाय उठले नाहीत. मुंग्या येऊन ते केव्हाच बधिर झाले होते. तो दाणकन पालथा पडला, हात पुढं, कपाळ थेट विहिणीच्या पायांवर.

लंकाबाई पदर सावरत मागं सरकली.

"असू द्या, असू द्या. येवढं काय त्यात, जेवायलाच तर बोलावलं."