वर देखा, आबा

सुकदेव पंगतीत भुंकतो. माझ्या पुतण्याच्या लग्नात वरण-बट्टी वाढून झाली होती, तूप फिरत होतं, आणि हा पानावरून उठून ‘खॉक, खॉक’ करायला लागला. मांडवावरून घार गेली होती. व्याही माझ्या कानाशी आले, "आबा, याले काही तरास हाये का?" मी म्हटलं, तरास मले हाये. तो माह्या बागेचा रखवालदार हाये.

माणूस मूळचा धुळ्याकडचा, साक्रीच्या बाजूचा. केळीचे घड कापायला म्हणून रावेरला आला आणि इथंच राहिला. बोली मात्र तिकडचीच ठेवली. चालताना नजर आभाळात, म्हणून ठिबकच्या नळीत पाय अडकून दोनदा पडला. पडल्या पडल्या मलाच सांगतो, "खाले काय देखी ऱ्हायनात? वर देखा, आबा."

सातपुड्यातली वानरं आमच्या बांधावरच्या चिंचेवर येतात. त्यांना हाकलायला मी याला ठेवला, तर हा त्यांचाच होऊन बसला. बिबट्या दिसला की वानरं शेंड्यावर चढतात आणि तिथून भुंकत राहतात. वरून तुऱ्याची घार आली, ती डोंगरातली, पिल्लं उचलणारी, तर सगळं उलट. एक जण ओरडतो आणि बाकीची शेंडा सोडून धोंड्यासारखी खाली दाट पाल्यात पडतात. आया पिल्लं पोटाशी दाबतात. टोळीचा म्होरक्या हुप्प्या तेवढा फांदीवर उभा राहून घारीला दात दाखवतो. हे सगळं सुकदेव मला भर उन्हात करून दाखवायचा, आईही तोच, हुप्प्याही तोच. या वयात वाद घालायचं त्राण नाही. मी बघत बसायचो.

यंदा बाग निसवली, केळफुलं लटकली, आणि वानरांची टोळी आली. मी म्हटलं, "इतकी त्यायची बोली येते तुले, तर घार आल्यावानी भुंकून हाकल."

"नका, आबा. त्या खाले येतीन."

"मले शिकवू नको. सांगतो तसं कर."

त्यानं केलं. अख्खी टोळी चिंचेवरून सुटली ती थेट माझ्या केळीत. केळीच्या पानांसारखं दाट छप्पर आसपास दुसरं होतंच कुठं? आत गेली, ती केळफुलं आणि कोवळे घड ओरबाडूनच बाहेर आली. चूक माझी होती, हे मला तिथंच कळलं. पण सत्तर वर्षांत मी स्वतःची चूक कुणापाशी कबूल केलेली नाही. म्हटलं, "उद्यापासून येऊ नको."

मग मीच राखणीला बसलो. चार दिवसांत पाठ मोडली. पाचव्या दुपारी चिंचेच्या टोकाच्या फांदीवर एक वानरी पिल्लाला घेऊन पेंगत होती, आणि वर ती तुऱ्याची घार. टोळीत कुणाचंच लक्ष नव्हतं. मी गप्प बसायचं, एवढंच काम होतं. वानरं ओरडली असती तर माझ्याच केळीत उतरली असती.

मी उभा राहिलो आणि भुंकलो.

वानरी पिल्लासकट खाली पडली, मागून सगळी टोळी. घार रिकामी गेली. बांधापलीकडून आवाज आला, "आवाज बारीक पडना, आबा. पोटमाईन काढा."

सुकदेव लिंबाखाली बसला होता.

"तू इथं काय करू राह्यला? तुले काढलं ना मी?"

"कामवर नही उनू. बसेल शे." मग आभाळाकडे बघत म्हणाला, "घरमा काय करू? मन्ही बायको पडनी, तवय कोनी आवाज दिधा नही."

ती गेली त्याला तीन वर्षं झाली. त्या दुपारी तो माझ्याच बागेत घड कापत होता. त्याला संध्याकाळी घरी गेल्यावर कळलं. ती पडल्याचा निरोप दुपारीच बागेत आला होता, माझ्याकडे. ट्रक भरायचा होता. म्हटलं, भरला की सांगू.

मी त्याच्याजवळ बसलो आणि हे त्याला सांगितलं. आवाज खरंच बारीक निघाला.

केळीत वानरं पानं फाडत होती.

"माले माहीत शे," तो म्हणाला. माझी नजर खाली मातीत होती. मग म्हणाला, "वर देखा, आबा."