पाण्याचा पंप आणि हाल्वरचा केक

बोटीच्या इंजिनाची धोक्याची घंटा ठणाणा वाजू लागली तेव्हा टोरुन केकवर छत्री धरून बसली होती. तिचा भाऊ हाल्वर आज सत्तर वर्षांचा झाला होता. बायको गेल्यावर तो एकटाच बेटावर राहायला गेला आणि परवा फोनवर म्हणाला, "बोलावलंय सगळ्यांना. येतं का कोण, बघायचं." ते टोरुनच्या मनाला लागलं होतं. म्हणून तर क्रीम-स्ट्रॉबेरीचा तीन थरांचा केक तिने सकाळपासून खपून केला होता आणि तो घेऊन दोघं नवरा-बायको बेटाकडे निघाली होती.

नवऱ्याने, ओडवारने, इंजिन बंद करून नांगर टाकला आणि झाकण उघडलं. वाफेचा भपकारा आला. "इंपेलर गेला," तो म्हणाला. समुद्राचं थंड पाणी इंजिनात खेचणारं ते रबरी पात्यांचं चक्र पार चिंध्या होऊन बाहेर आलं.

"गेल्या वर्षीच बदल म्हणत होते मी."

"गेल्या वर्षी चांगला होता."

"त्याच्या आदल्या वर्षीही चांगलाच होता तो."

ओडवारने ऐटीत सुट्या भागांचा डबा काढला. त्यात इंपेलर तीन होते, पण तिन्ही आधी बदललेले, टाकवत नाहीत म्हणून ठेवलेले. एकाची दोन पाती गळलेली, दुसरा वाकडा, तिसरा वाळून खडखडीत झालेला.

एवढ्यात लाल दाढीवाला एक जण आपली बोट घेऊन आला. त्याने स्वतःजवळचा इंपेलर दिला, पण त्याचं भोक मोठं निघालं. प्रयत्न वाया गेला तरी माणूस मदतीला आला होता, त्याला कॉफी आणि केक न देता कसं सोडायचं? टोरुनने मन घट्ट करून सुरी चालवली. पाठोपाठ दोन म्हाताऱ्या बहिणी आल्या. त्यांचा इंपेलर पंपात मावेचना.

"जरा दाबून बसवा," थोरली म्हणाली.

"दाबून चपला बसतात बाई, इंपेलर नाही," लाल दाढीवाला म्हणाला. भांडण रंगलं तशी त्यांनाही केकची बशी गेली. मग आणखी एक कुटुंब आलं, मग आणखी एक. बोटीला बोट बांधली गेली. कुठे निघालात असं परक्याला विचारायची त्या किनाऱ्यावर पद्धत नाही, त्यामुळे सगळे फक्त पंपाबद्दल बोलत होते. केक मात्र उतरत चालला होता आणि टोरुन उरलेले तुकडे मोजत होती.

शेवटच्या कुटुंबाकडचा इंपेलर हुबेहूब जुळला. "आधी तुटलेली सगळी पाती शोधा, नाहीतर नळी तुंबेल," धाकटी बहीण म्हणाली. एक पातं खरंच नळीत अडकलेलं सापडलं. पंपाच्या अगदी आतपर्यंत हात फक्त टोरुनचाच पोचत होता. तिने इंपेलरला भांड्यांचा साबण चोपडला, पाती फिरण्याच्या दिशेने वाकवली आणि पिळत पिळत तो आत बसवला. झाकणाचे स्क्रू तिने नुसत्या चाचपणीने आवळले. ओडवारने इंजिन चालू केलं. मागच्या नळीतून पाणी भसाभसा पडलं, तशा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

आता निघायला हरकत नव्हती. पण दुसऱ्यांदा कॉफी ओतली गेली होती आणि ऊन छान पडलं होतं. केकचा एकच तुकडा उरला होता. भावाला काय तोंड दाखवायचं, हे टोरुनला कळेना.

तेवढ्यात हाल्वरच वल्ही मारत आला. गळ्यात टाय आणि चेहरा उतरलेला. "कुणीच आलं नाही गं," तो म्हणाला. "टेबल मांडून बसलो होतो. म्हटलं, तुझं तरी काय झालं बघावं." मग त्याचं लक्ष बाकीच्यांकडे गेलं. "तुम्ही? इथे काय करताय सगळे?"

"तुझ्याकडेच निघालो होतो," लाल दाढीवाला चाचरत म्हणाला.

"आम्हीपण," बहिणी म्हणाल्या. मग उरलेल्यांनीही आपापल्या बोटीतून रंगीत कागदात गुंडाळलेल्या भेटी हळूच बाहेर काढल्या.

टोरुनने शेवटचा तुकडा हाल्वरपुढे धरला. "एवढाच राहिलाय रे. बाकीचा तुझ्या पाहुण्यांनी खाल्ला."

हाल्वरने एकेकाकडे पाहिलं. डोळे पुसले आणि टोरुनच्या बोटीवर चढून तो पाय पसरून ऐसपैस बसला.

"ओडवार, ते इंजिन बंद कर आधी," तो म्हणाला. "काही ऐकू येत नाही. बेटावर काय, मी रोजच असतो."