पाठदुखीला चार तारे

मुकुंदभावजी थिएटरात गप्प बसत नाहीत. अख्खा सिनेमा ते कॉमेंट्री केल्यासारखा सांगतात. "आला. दार उघडलं. निळा शर्ट, इस्त्री नाही." अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावात शनिवारी दुपारच्या हिंदी सिनेमाला आम्हाला धरून सात माणसं, म्हणून कोणी हाकलत नाही.

सांगावंच लागतं. शेजारी त्यांची बायको सुमन बसलेली असते, आणि सहा वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेली. भावजींनी गाड्यांच्या कंपनीत जन्मभर ब्रेक तपासले, ती तपासायची सवय गेली नाही. माझी पुरणपोळी खाऊन म्हणाले, "वहिनी, टॉलरन्समध्ये आहे." म्हणजे मापात बसते; हे कौतुक असतं, हे कळायला मला दोन होळ्या लागल्या.

घरी आल्यावर सुमन परीक्षण सांगते, तारे देते, भावजी टाइप करतात आणि मी इथल्या मराठी मंडळाच्या पत्रकात छापते. पत्रक मी काढते. शिकलेय आठवीपर्यंत, पण दुसऱ्या कोणी हातच वर केला नाही.

तर यंदा एक सिनेमा आला. खून, पाऊस आणि कपड्यांची टंचाई, अशातला. त्यातही दुसरा भाग. पैसा इतका कमी की तिन्ही घरांत एकच सोफा. वेबसाइटवाल्यांनी त्याला धुऊन काढलं होतं. एकाने अर्धा तारा दिला, तोही सोफ्याला. पण आधी दुसऱ्यांची परीक्षणं वाचायची नाहीत, हा सुमनचा नियम. त्यामुळे आम्ही तिघं अजाणतेपणी जाऊन बसलो.

दहाव्या मिनिटाला भावजी एकदम थांबले.

"काय झालं हो?" सुमनने विचारलं.

"तिची... पाठ धरलीय."

"अगं बाई. मग?"

"तो बाम चोळतोय."

पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. "आता कोण?"

"दुसरी आहे. हिचीही पाठच."

"आणि तो एवढा का धापा टाकतोय?"

"जिने चढून आलाय. लिफ्ट बंद आहे."

मी तोंडात स्कार्फ कोंबून बसले होते.

रविवारी परीक्षण आलं. "पाठदुखीसारख्या दुर्लक्षित विषयावर इतका संयत चित्रपट हिंदीत विरळाच. नायकाची सेवावृत्ती वाखाणण्याजोगी. खून मात्र अनावश्यक. चार तारे." हसून हसून माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी ते जसंच्या तसं छापलं. सुमनच्या शब्दांना कात्री लावणारी मी कोण?

मंडळाची सेक्रेटरी नीता. ते वाचून तिने इंडियातून आलेल्या सासूसासऱ्यांना नेलं. अर्ध्या तासात बाहेर. मला फोन. "मावशी, बाबा घरी आल्यापासून माझ्याकडे बघतच नाहीयेत यार. आणि आईंना खून कोणी केला ते हवंय. पुढच्या अंकात खुलासा छापा, नाहीतर मी सदर कॅन्सल करते."

सदर गेलं तर सुमनचा आठवडा रिकामा. खुलासा छापला तर नवऱ्याने आपल्याला फसवलं, हे तिला कळणार. मी भावजींना स्वयंपाकघरात गाठलं. ते कुजबुजले, "लिहा, मला झोप लागली होती. दोष सगळा माझा." आणि चहाचं आधण ठेवायला वळले.

मी बाहेर येऊन सुमनजवळ बसले, तर ती हळूच म्हणते, "डोळे गेलेत गं, कान नाही गेले. दोन मुलं झालीयेत मला. पाठ दुखते तेव्हा बाई असा आवाज काढते होय?"

"मग चार तारे कशाला दिलेस?"

"सिनेमाला कुठे दिले? पंचेचाळीस वर्षांत बिलं आणि बर्फ सोडून हे माझ्याशी कशावर बोलले नाहीत. आता शनिवारी दोन तास गोष्ट सांगतात. लिफ्ट बंद आहे म्हणाले ना, तेव्हा हात घामाने ओला झाला होता त्यांचा."

मी पुढच्या अंकात खुलासा छापला: "चित्रपट फक्त प्रौढांसाठी आहे, हे लिहायला संपादिका विसरली." नीता शांत झाली, सदर राहिलं.

पण त्या दिवशी मी निघाले तेव्हा सुमनने माझा हात धरून ठेवला. "मला कळतं, हे त्यांना सांगू नकोस हं. पुढच्या शनिवारपासून खरं सांगायला लागतील."