बत्तीस पाठी

पेणच्या बातम्या द्यायला लागून मला एकोणतीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत माझ्या बातमीत एकही नाव चुकलेलं नाही, हे आधी सांगून ठेवतो. म्हणून आमच्या पेण-रोहा फोटो ग्रुपवर ‘पाठमोरे’ हा या आठवड्याच्या स्पर्धेचा विषय आला, तेव्हा पहिला नंबर माझाच, असं मी धरून चाललो.

बाकीचे काय काढणार ते मला ठाऊक होतं. एसटीची मागची बाजू, म्हशीची मागची बाजू आणि स्वतःची बायको, तीही न विचारता! मी सरळ हमरापूरला काळुरामच्या गणपती कारखान्यात गेलो. चतुर्थी आठ दिवसांवर होती. फळीवर बत्तीस गणपती ओळीने बसलेले. पुढून रंगवलेले, मागून पांढरे, आणि प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलीने गिऱ्हाइकाचं नाव.

“भाऊ, बाप्पाची पाठ बगू नये,” काळुराम म्हणाला. “दारिद्र्य येतं.”

“ते पूजा झाल्यावर. अजून ती मूर्तीच आहे.”

“तुमी पेपरवाले. तुमाला कोन शिकवनार!”

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला फोटो टाकला. साडेनऊपर्यंत एकशे चार अंगठे आले. पावणेदहाला गडबच्या जनूचा फोन.

जनू आणि नाथा सख्खे भाऊ. जनू हायवेलगत नव्या घरात, नाथा कंपनीमुळे रोह्याला आणि त्यांची आई सीताबाई गडबच्या जुन्या घरात. गणपती मात्र तिघांचा एकच, जुन्या घरात. वेगळा गणपती आणला म्हणजे घर फुटलं, असंच आमच्याकडे समजतात.

“डावीकडून सातवा. मोठा करून बघा,” जनू ओरडत होता. “नाथा, रोहा! सख्ख्या भावाने वेगळा सांगितला, आणि मला ग्रुपवर कळतंय!”

“खात्री करून सांगतो,” मी म्हणालो. सवय.

कारखान्यात पोहोचलो तर जनू आधीच हजर. तासाभराने नाथाची मोटरसायकल आली. वाटेत गडबहून त्याने आईला मागे बसवून आणलं होतं.

“वेगळा सांगितलास तू!”

“आणि अकरावा कोनाचा?” नाथाने फोन जनूच्या नाकासमोर धरला. अकराव्या पाठीवर लिहिलं होतं, ‘जनू, गडब, नवं घर’.

जनूचा आवाज एकदम उतरला. “जुन्या घरातला तू सांगशील, असं वाटलं मला.”

“मला वाटलं तू सांगशील! थोरला कोन?”

सीताबाईंना वाचता येत नाही. त्या ओळीमागून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या. “माजा कंचा रे यात?”

मी बत्तीसही नावं वाचली. दोनदा. त्यांचं घर त्यात नव्हतं.

“म्हंजे यंदा घरी बाप्पाच नाय,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “साठ वरसं मी तांदूळ-पानी घेऊन दारात उभी ऱ्हाते. यंदा कोनावरून ओवाळू?”

मग जनूने काळुरामच्या कानावरची पेन्सिल काढून अकराव्या पाठीवरचं आपलं नाव खोडलं आणि तिथे ‘आई’ लिहिलं.

“माझा सातवा रद्द कर,” नाथा म्हणाला.

“रद्द?” काळुराम उसळला. “आता कोन नेईल त्याला? सांगितलेला बाप्पा माज्या फळीवर नाय बसवायचा मी!”

मग सीताबाईंनी विचारलं, “फोटू कोनी काडला?”

चौघेही माझ्याकडे वळले.

“आमचा गणपती रोह्याला असतो,” मी घाईघाईने म्हणालो. “अण्णांकडे. थोरल्या भावाकडे. एकच असतो!”

“पाठ बगितलीत ना?” काळुराम म्हणाला. “आता तोंड बगा!”

त्याने सातव्या पाठीवर माझं नाव घातलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. एकही चूक नव्हती.

जनूने त्या पाठीचा फोटो काढला आणि तिथल्या तिथे ग्रुपवर टाकला. स्पर्धेची मुदत संध्याकाळपर्यंत होती.

अण्णा त्या ग्रुपवर आहेत. दहा मिनिटांत रोह्याहून फोन वाजला. मी तो फळीवर पालथा ठेवला आणि वाजायचा थांबेपर्यंत त्याची पाठ बघत उभा राहिलो.