तीन विद्यापीठं आणि एक बोका

ताईकडे एक शास्त्र होतं. पुढच्या शिक्षणाला जाणारी बाकीची मंडळी घाबरतात, चुकतात आणि मग आयुष्यभर कुरकुरत बसतात, कारण त्यांना ‘हो’ म्हणायची घाई असते, असं ती छातीठोकपणे सांगायची.

“हो म्हटलं की आपला भाव उतरला! नाही म्हटलं की दार बंद! म्हणून शहाण्या माणसाने म्हणायचं, ‘कळवते’. आपण निवांत, आणि समोरचा टांगणीला!”

हे प्रवचन ती पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत, डब्याच्या सुट्टीत, सहकाऱ्यांना देत असे. पाच वर्षं तिने लोकांच्या विहिरींतलं, टाक्यांतलं, नळांतलं पाणी तपासलं होतं. आता त्यातच डॉक्टरेट करायची, ती सुद्धा दूर, नव्या शहरात, स्वतःच्या हिमतीवर, हे तिचं खरंखुरं स्वप्न होतं. त्या बाबतीत मात्र ती चेष्टा खपवून घेत नसे. बाकी सगळ्या जगाची चेष्टा करायला ती मोकळी होती.

‘कळवते’ या शब्दाचा घरात एकच शत्रू होता. आई. आई घरीच शिवणकाम करायची. ‘बाही किती ठेवायची ते कळवते’ असं म्हणून गेलेल्या बायकांची न कापलेली कापडं तिच्या फळीवर वर्षानुवर्षं झोपलेली होती.

“कळवते म्हणणारी माणसं कधी कळवत नाहीत,” आई मशीन चालवता चालवता म्हणायची. “शेवटी कापडाला कसर लागते.”

“आई, हे शिवणकाम नाही. हे धोरण आहे!”

“बरं बाई. धोरणाला कसर लागते का बघ.”

तर धोरण असं होतं. ताईने तीन विद्यापीठांत अर्ज केले होते. पहिल्याने तिला लगेच घेतलं. नाव एवढं मोठं, की नुसतं उच्चारलं तरी समोरचा खुर्चीत सरळ बसावा. पण ते एक दमडी देणार नव्हतं, आणि तिथलं खोलीचं भाडं ऐकून आईच्या हातून सुई पडली. दुसऱ्याने पूर्ण शिष्यवृत्ती देऊ केली. तिथले सर पाण्यातल्या शेवाळावर काम करत. माणूस इतका गोड, की मेलच्या शेवटी ताईच्या तब्येतीचीही चौकशी करायचा. तिसरं होतं स्वप्नातलं. तिथल्या बाईंचं पाण्यावरचं पुस्तक ताईच्या उशाशी असे. तिथे शिष्यवृत्तीची एकच जागा होती आणि निकाल काही केल्या लागत नव्हता. आईने तिघांची नावं ठेवली होती: महागडं, भलं आणि भाव खाणारं.

“भल्याला हो म्हण आणि मोकळी हो,” आई रोज म्हणे.

“हो म्हण गं,” धाकटा भाऊही म्हणे. त्याचा आग्रह शिक्षणाच्या तळमळीतून आलेला नव्हता. आईची टेप घेऊन तो येताजाता ताईच्या खोलीची मापं काढत असे. तिथे त्याला व्यायामाची सायकल ठेवायची होती.

पण ताई कुठली ऐकायला! शेवाळवाल्या सरांना तिने कळवलं, की ‘विचार करून कळवते’. सर म्हणाले, सावकाश कळव. महागड्यालाही कळवलं, की ‘कळवते’. आणि मग तिच्या ध्यानात आलं की शेवाळवाल्या गावात भाड्याच्या खोल्या हातोहात जातात. प्रवेशाचं काहीही होवो, खोली अडवून ठेवलेली बरी! दोन्ही डगरींवर हात ठेवायचा तर तो नीट, कोपरापर्यंत ठेवावा.

खोली एका निवृत्त मुख्याध्यापिकेच्या घरात होती. स्वच्छ, उजेडाची, भाडं बेताचं. काकूंनी व्हिडिओवर मुलाखत घेतली, तीही अशी की ताईला वाटलं, आता या आपल्याला अंगठे धरून उभं करणार.

“मला डळमळीत माणसं चालत नाहीत. यायचं असेल तर पक्कं सांग.”

“पक्कं, काकू! अगदी पक्कं!” ताई म्हणाली. ‘कळवते’चं शास्त्र विद्यापीठांसाठी होतं. काकूंसमोर ते काढायची हिंमत कुणाची होती?

“आणि हा आमचा बोका.” काकूंनी एक भलामोठा पिवळा बोका उचलून कॅमेऱ्यासमोर धरला. पडदाभर बोका झाला. “तुला मांजरं आवडतात ना?”

घरी ओट्यावर चढलेल्या मांजराच्या मागे झाडू घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत धावणारी ताई म्हणाली, “अगंबाई! किती गोड! जीव की प्राण हो मला मांजरं!”

बोक्याने तिच्याकडे पाहिलं आणि ऐसपैस जांभई दिली.

“पसंत आहेस त्याला,” काकू पहिल्यांदाच हसल्या. “आधीच्या मुलींवर गुरगुरला होता. खोली तुझी!”

खोली पडली खिशात. त्याच आठवड्यात स्वप्नातल्या बाईंचा मेल आला. जागा एकच आहे, दिली आणि माणूस आला नाही तर वाया जाते, तेव्हा निवड झालीच तर नक्की याल ना? ताईने क्षणाचाही विलंब न लावता लिहिलं: ‘नक्की! बाकी सगळीकडे नकार कळवून टाकला आहे!’

“कळवलास कधी?” मागून वाचणाऱ्या भावाने विचारलं.

“कळवीन रे! खरंच आहे ते, फक्त थोडं आधी सांगितलंय.”

आता इथे एक गोष्ट ताईला माहीत नव्हती, आणि ती वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही. शेवाळवाले सर हे मुख्याध्यापिका काकूंचे सख्खे जावई होते. दर रविवारी ते सासुरवाडीला जेवायला जात. त्या रविवारी काकूंनी वाढता वाढता सांगितलं, की खोली गेली. पाणी तपासणारी मुलगी आहे, तुमच्याच विद्यापीठात येतेय, अगदी पक्कं म्हणाली. सर आनंदाने ताटावरून उठले. ‘कळवते कळवते’ म्हणणारी पोर मनातून आपल्याकडेच येणार होती तर! लाजत असेल बिचारी!

आनंद पोटात मावेना, म्हणून त्यांनी जुन्या वर्गमैत्रिणीला फोन लावला. ती वर्गमैत्रीण म्हणजे स्वप्नातल्या बाई.

“तुझ्याकडेही अर्ज केलेली ती पाण्याची मुलगी आठवते का? ती माझ्याकडे येतेय! खोलीसुद्धा घेतली, आमच्या सासूबाईंकडे!”

“तुझ्याकडे? अरे, तिने मला लिहून दिलंय, बाकी सगळीकडे नकार कळवला म्हणून.”

आता सामान्य माणसं असती तर त्यांनी सरळ ताईला फोन करून विचारलं असतं, बाई गं, तुझं नक्की काय? पण ही विद्वान माणसं होती. शिवाय सभ्य.

“म्हणजे तिचं मन तुझ्याकडेच आहे. मी कशाला आड येऊ?” सर म्हणाले.

“छे रे! खोली घेतली म्हणजे मन तुझ्याकडेच. मी काही तुझी विद्यार्थिनी पळवणार नाही.”

“नाही नाही, तुझ्याकडेच!”

“अरे, तुझ्याकडेच!”

घरच्या लग्नात आहेर परत करावा तशी दोघांनी ताई एकमेकांना परत केली. दोघांनीही फोन ठेवताना मनाशी ठरवलं की समोरच्याने घ्यावं, आपण मोठं मन दाखवावं. आणि दोघांनीही मोठ्या मनाने आपापली जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला देऊ केली.

दुसऱ्या दिवशी ताई प्रयोगशाळेत नळाच्या पाण्याची बाटली हलवत उभी असताना सरांचा मेल आला. ‘पाण्यावरचं पुस्तक लिहिणाऱ्या माझ्या मैत्रिणीच्या विद्यापीठात तू जाते आहेस हे कळलं. मनःपूर्वक अभिनंदन! थोडं वाईट वाटलं, पण तुझं भलं होतंय यात आनंद आहे. तब्येतीला जप.’

ताईने किंकाळी फोडली. बाटली कुणाच्या अंगावर रिकामी झाली याची चौकशी करायला ती थांबली नाही.

“झालं! झालं! स्वप्नातलं झालं!”

निकाल आपल्याला न कळता सरांना आधी कसा कळला, हा प्रश्न कुणालाही पडला असता. तो तिला पडला नाही, कारण ती तेव्हा जमिनीवर नव्हती. साहेबांनी हात हातात घेतला. सहकाऱ्यांनी केक आणला. एकाने तर तिची खुर्ची आपल्या टेबलाशी ओढून पाहिली. घरी फोन गेला. आईने मशीन थांबवलं, डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाली, “भाव खाल्ला, पण पावला मेला!” भावाने तासाभरात सायकल दाराशी आणून उभी केली.

आणि ताईने ठरवलं, की आता ‘कळवते’चं खरोखर कळवून टाकायची वेळ आली. आधी महागडं. ‘आपल्या शुल्कात मी विद्यापीठच विकत घेऊ शकते, तेव्हा क्षमस्व,’ असं लिहून, वाचून, हसून तिने पाठवलं. मग शेवाळवाल्या सरांचे आभार. मग काकू. काकूंना कारण द्यायला हवं होतं. पक्कं म्हटलेलं मोडायचं तर कारणही पक्कं पाहिजे. तिने लिहिलं: ‘काकू, डॉक्टर म्हणाले की मांजराच्या केसांनी मला शिंकांचा भयंकर त्रास होईल. बोक्याची आठवण येत राहील.’

पाठवलं आणि ती केकचा दुसरा तुकडा घ्यायला वळली, तोच स्वप्नातल्या बाईंचा मेल आला.

‘शेवाळावर काम करणाऱ्या माझ्या मित्राकडे तू जाते आहेस हे कळलं. अभिनंदन! तो फार चांगला शिकवतो. आमची जागा आम्ही दुसऱ्या उमेदवाराला दिली आणि त्याने ती स्वीकारलीही, तेव्हा मनात कसलाही संकोच ठेवू नकोस.’

ताईने मेल परत वाचला. मग उलटा वाचावा तसा खालून वर वाचला. केकचा तुकडा ताटलीतच राहिला. महागडं गेलं. भाव खाणारं गेलं. भलं आपल्याच हाताने घालवलं. सायकल दारात. खुर्ची दुसऱ्याच्या टेबलाशी. ती प्रयोगशाळेच्या बाथरूममध्ये गेली, नळ सोडला आणि मनसोक्त रडली. पाच वर्षं तिने या दिवसाची वाट पाहिली होती आणि तो दिवस तिने दोन तासांत तीन मेलांत विभागून टाकला होता.

घरी आल्यावर तिने आईला सगळं सांगितलं. आईने ऐकून घेतलं. फळीवरच्या कापडांकडे एकदा पाहिलं. हे ताईला रागावण्यापेक्षा जड गेलं.

“आत्ता फोन कर त्या भल्या माणसाला,” आई शेवटी म्हणाली. “आणि खरं बोल. वाईट दिसलं तर दिसू दे.”

ताईने फोन लावला. खरं बोलली. ‘पक्कं’ म्हटलेलं, ‘नकार कळवला’ म्हटलेलं, सगळं.

“अरेरे,” सर म्हणाले. “मी जागा पुढच्या मुलाला देऊ केली गं.”

“त्याने घेतली?”

“तेच तर! तो म्हणतो, ‘कळवतो’.” सरांनी सुस्कारा सोडला. “किती वैताग येतो या शब्दाचा, तुला कल्पना नाही.”

ताईला कल्पना यायला लागली होती.

“हे बघ, त्याने अजून सही केलेली नाही. मी जागा मागे घेऊन तुला देतो,” सर म्हणाले, आणि ताईच्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं. “पण एक अडचण आहे. राहायचा पत्ता दिल्याशिवाय आमच्याकडे शिष्यवृत्ती मंजूर होत नाही. आणि गावात आता औषधालासुद्धा खोली शिल्लक नाही. एकच आहे.”

“काकूंची?”

“काकूंची.” सरांचा आवाज खाली गेला. “त्या फार चिडल्यात. बोक्याबद्दल काहीतरी लिहिलंस म्हणे. मी मध्ये पडणार नाही. मला रविवारी तिथे जेवायला जायचं असतं.”

ताई लिहायला बसली. आई मागे उभी, भाऊ दारात सायकलवर बसून पाय मारत. तिने लिहिलं की डॉक्टर खोटे होते, शिंका खोट्या होत्या. मांजरांवरचं प्रेमही खरं सांगायचं तर नवीनच होतं, पण वाढवायची तयारी होती. बोक्याचं खाणं, न्हाणं, विंचरणं सगळं ती करेल. शेवटी, आयुष्यात पहिल्यांदा, मागे कसलीही पळवाट न ठेवता तिने लिहिलं: ‘काकू, मी येते. नक्की येते. तुम्ही फक्त हो म्हणा!’

“शाब्बास!” आई म्हणाली.

पाठवलं. तिघं मोबाईलकडे बघत बसली. भावाने पाय मारणंही थांबवलं.

उत्तर आलं. काकूंनी फोटो पाठवला होता. बोका पाठ फिरवून बसलेला. आणि खाली एकच ओळ.

‘त्याच्याशी बोलते आणि कळवते.’