परबकाकांची बाकं

माझ्या बहिणीला पाहायला मंडळी आली तेव्हा मुलाचे वडील पाच मिनिटं उभे होते. घाटकोपरच्या आमच्या दोन खोल्यांत खुर्च्या चार, त्याही मागून आणलेल्या. ते बसायला वाकले आणि शेजारचे परबकाका ओरडले, "थांबा! बसा नकात अजून." मग ते स्वतः त्या खुर्चीवर बसले. डावीकडे झुकले, उजवीकडे झुकले, हवेत बोटाने दोन ओळी लिहिल्या. खिशातून लाकडाची पाचर काढून मागच्या पायाखाली सरकवली आणि म्हणाले, "आता बसा. पेपर सोडवूक हरकत नाय."

पेपर माझ्या बहिणीला सोडवायचा होता. लग्न मात्र जमलं.

परबकाका विद्यापीठाच्या परीक्षा विभागात शिपाई होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी वेगवेगळ्या कॉलेजांत जाऊन बाकांवर नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवायच्या, हे त्यांचं काम. प्रत्येक बाकावर बसून पाहायचं, हे त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. ते बसत. बाक डुगडुगलं तर पाचर मारत आणि मगच चिठ्ठीला खळ लावत. त्यामुळे इतर शिपाई दुपारी मोकळे होत, परबकाका दिवेलागणीला. कोणी चिडवलं तर त्यांचं उत्तर ठरलेलं होतं, "बाक हललां की अक्षर हलता, अक्षर हललां की मार्क हलतत."

विद्यापीठ त्यांना बाकांवरून पाठ होतं. मुलुंडचे एक गृहस्थ मुलाला कुठल्या कॉलेजात घालावं हे विचारायला आले. परबकाकांनी त्यांना सगळं विद्यापीठ समजावून सांगितलं. अंधेरीला बाकं सागवानी, पण दौतीची भोकं मोठी, दौत कलंडते. पार्ल्याला उंची बरी, गुडघे आपटत नाहीत. घाटकोपरची नवी, ओल्या लाकडाची, पावसाळ्यात फुगतात. फोर्टातली सर्वांत जुनी, त्यांच्यावर इतकी नावं कोरलेली की कागदाखाली पुठ्ठा घ्यावा लागतो.

"पण शिकवतात कुठे चांगलं?" गृहस्थांनी विचारलं.

"तां माका म्हायत नाय. माका बसाक खंय बरां, तां म्हायत."

पुण्याचं, गुजरातचं, धारवाडचं विद्यापीठ वेगळं निघालं आणि आमचं मुंबईपुरतं उरलं, तेव्हा वर्तमानपत्रांत अग्रलेख आले. परबकाका एवढंच म्हणाले, "किती बाकां गेली रे!"

मी त्या वेळी एका दैनिकात मुद्रितं तपासत असे. बी.ए. झालो तर संपादकीय विभागात घेऊ, असं मला सांगण्यात आलं होतं. पहिल्या खेपेला अंधेरीचं केंद्र होतं; मी नापास झालो आणि इतिहास राहिला असं घरी सांगितलं. आईने त्याचं खापर इतिहासाच्या अनोळखी परीक्षकावर फोडलं आणि पुढची दोन वर्षं त्याला नेमाने शिव्या दिल्या. दुसऱ्या खेपेला अंधेरीच्याच केंद्रावर माझं बाक दगडासारखं पक्कं होतं. खाली वाकून पाहिलं तर पायाशी पाचर. त्या संध्याकाळी मी परबकाकांचे आभार मानले. ते रागावले.

"तुझा म्हणान नाय मारलंय. तुझो नंबर माका खंय ठावक? सगळे नंबर माका सारखे."

मी पास झालो. आई आणि मी पेढे घेऊन त्यांच्या खोलीत गेलो. परबकाका एकटे राहत. घरात खुर्ची नव्हती, विद्यापीठाने मोडीत काढलेलं एक बाक होतं. स्वतःच्या त्या बाकावरही ते रोज झुकून पाहूनच बसत. पेढे ठेवायला त्यांनी बिस्किटांचा एक डबा उघडला. तो बाकांवरून सोडवलेल्या नंबरांच्या चिठ्ठ्यांनी भरलेला होता.

"हे काय हो?" आईने विचारलं.

"हे पयल्या दिवशी इले, दुसऱ्या दिवसापासून इले नाय," परबकाका म्हणाले. "हजेरीपट आमच्याच विभागात येता. बाक हलत असतलां. एखादां माझ्या हातून ऱ्हवलां असतलां. म्हणान उठान गेले. पुढच्या वर्षी नंबर बदलतत. परत इले काय नाय, माका कोण सांगतलो?"

वरून तिसरी चिठ्ठी माझी होती. दोन वर्षांपूर्वीची. नंबर मी विसरणं शक्य नव्हतं. इंग्रजीचा पेपर देऊन आल्यावर मी घाबरलो होतो. उरलेले सगळे दिवस जेवणाचा डबा घेऊन घरातून निघालो आणि वर्सोव्याच्या किनाऱ्यावर बसून परत आलो. इतिहासाचा पेपर मी दिलाच नव्हता. हे घरात कोणाला ठाऊक नव्हतं. आई शेजारीच उभी होती.

मी चिठ्ठी उचलली. "काका, हा मी."

ते चिठ्ठीवर वाकले.

"बाक पक्कं होतं. मला चांगलं आठवतं. मीच भ्यालो आणि गेलो नाही."

मग आई म्हणाली, "म्हणजे त्या परीक्षकाला मी दोन वर्षं फुकट शिव्या दिल्या?"

"दिल्यास."

"बघते तुला घरी." पण तिने पेढा आधी परबकाकांच्या हातावर ठेवला.

परबकाकांनी माझ्याकडून चिठ्ठी घेतली, उजेडाकडे धरली. "हलत नाय होतां? खरां सांगतस?"

"खरं."

"आणि परत इलंस."

"आलो. पास झालो."

चिठ्ठी त्यांनी पुन्हा डब्यात टाकली नाही. शर्टाच्या खिशात, पाचरींच्या शेजारी ठेवली. मग पेढा तसाच हातात धरून ते बाकावर बसले. झुकून पाहिलं नाही, हवेत ओळी लिहिल्या नाहीत. बाक किंचित डुगडुगलं. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.