भरतीची अधिकृत वेळ

सन १९६६ मध्ये तारापूरच्या किनाऱ्यावर एक लोकविद्यालय उघडण्यात आले. दर्याकाठी राहणाऱ्यांना दर्या, चुली पेटवणाऱ्यांना आग आणि श्वास घेणाऱ्यांना हवा शिकवावी, हा त्याचा उद्देश होता. वाऱ्याचा तास खिडक्या लावून होई, कारण वाऱ्याने टिपणे उडत. तीन महिन्यांनी परीक्षा आणि उत्तीर्णांना सरकारी प्रकल्पाच्या नव्या वसाहतीत अग्निशमन रखवालदाराची कायम नोकरी, असे ठरले होते.

दिनानाथराव प्राचार्य होते. मी त्यांची हंगामी कारकून. पालघरची, मॅट्रिक झालेली, अक्षर वळणदार.

वर्ग भरण्याआधी मी फळ्यावर सूचना लिहिली : ‘भरती – बुधवार, सकाळी दहा.’ दुसऱ्याच दिवशी चंद्रभान तांडेल दारात आला. त्याची होडी जिथे लागायची तिथे प्रकल्पाचे तारेचे कुंपण पडले होते. होडी ताडाखाली उपडी होती आणि घरी बायको आनंदी, दोन मुली. या नोकरीवाचून त्याच्यापुढे दुसरे काही उरले नव्हते. पण तो नोकरी मागायला आला नव्हता. सूचना त्याला कोणीतरी वाचून दाखवली होती आणि तो चूक दुरुस्त करायला आला होता.

“सायेब, बुधवारी पंचमी. धा वाजता ओहोटी हाय. भरती चारला.”

“भरतीची वेळ वरून ठरते,” दिनानाथराव म्हणाले.

चंद्रभानने वर आभाळाकडे पाहिले आणि चंद्राच्या बाबतीत साहेब बरोबर बोलतात, असे मान्य केले. बुधवारी चार वाजता सारा कोळीवाडा आंघोळ करून हजर झाला. भरती सव्वादहालाच संपली होती. पालघर आणि मनोरहून आलेले साहेबलोकांचे अकरा भाचे-पुतणे उमेदवार म्हणून घेतले गेले होते. त्यांतल्या चौघांनी दर्या प्रथमच पाहिला आणि तो इतका मागे का, असे विचारले. चंद्रभान ओट्यावरून हलेना, तेव्हा त्याला बहिःशाल विद्यार्थी करून घेतले. म्हणजे तो शाळेच्या बाहेरच बसला.

पुढची चूक माझी. नौकानयनाचे वेळापत्रक करताना भरतीची वेळ हवी होती. मी फाईल उघडली. ‘भरती, सकाळी दहा’ अशी सहीशिक्क्याची नोंद सापडली, ती मी उतरवली. दिनानाथरावांनी मंजुरी दिली. त्या दिवसापासून आमच्या किनाऱ्यावर भरती रोज दहाला येऊ लागली. आग विझवण्याच्या पंपाची नळी खाडीत सोडलेली होती आणि खाडीत पाणी भरतीलाच असे, म्हणून आगही दहालाच लावावी असा ठराव झाला. चंद्रभानने ओट्यावरून दोनदा हात वर केला. बहिःशाल विद्यार्थ्यास शंका विचारण्याची तरतूद नव्हती.

परीक्षेच्या दिवशी पुन्हा पंचमी आली. मुंबईहून तपासनीस आले. पेंढ्याची झोपडी ठीक दहाला पेटवली. अकरा जणांनी पुस्तकातल्या चित्रासारखे पाय फाकवून नळी धरली. पंपाने खाकरून चिखल टाकला आणि चिखलातून एक खेकडा बाहेर पडून तपासनिसांच्या बुटाकडे निघाला. आग मात्र अभ्यासक्रम सोडून आनंदीच्या वाळत घातलेल्या बोंबलांकडे निघाली. त्यामागे कोळीवाड्याची माडाच्या झापांची घरे होती.

नळी कोणी सोडली नाही. नळी सोडली तर गुण जात.

चंद्रभानने होडीवरचे जाळे ओढले, खाडीच्या चिखलात बुडवले आणि आगीवर टाकले. वरून बायकांनी वाळू लोटली. पाव तासात आग विझली. जाळ्याच्या दोऱ्या करपून हातात तुटू लागल्या.

अहवाल मला लिहायचा होता. दिनानाथरावांनी मजकूर सांगितला : समुद्र नेमलेल्या वेळी विनापरवानगी गैरहजर होता. अकरा उमेदवारांची शिस्त वाखाणण्यासारखी. बहिःशाल उमेदवाराने अग्निशमनाच्या तासाला नौकानयनाचे साहित्य वापरले, सबब अनुत्तीर्ण. आग आपोआप विझली.

“आपोआप?” मी विचारले.

“मंगलाबाई, तुमच्या कायम होण्याचा कागद माझ्याच टेबलावर आहे ना?”

मी वळणदार अक्षरात ‘आपोआप’ लिहिले.

संध्याकाळी चंद्रभान खिडकीशी आला. तो नापास झाल्याचे त्याला कळले होते.

“नोकरीचं ऱ्हाऊ दे, बाय. आग विझली तेवढं लिवलंस ना? उद्या पोरी विचारतील, जाळं कुठं गेलं.”

त्याला वाचता येत नव्हते. मी अहवाल समोर धरला आणि त्याला वाचून दाखवले, “आग विझली.” मधला शब्द गाळला. वाचताना बोट मात्र त्याच शब्दावर होते.

“खरं लिवलंस,” तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी आनंदीने केळीच्या पानात बांधून बोंबील पाठवले, आगीतून वाचलेले. मी आठवड्याने कायम झाले आणि पुढे सन्मानाने निवृत्त झाले.

आता कुणाला हे सांगितले की लोक दिनानाथरावांना पोट धरून हसतात. तुम्हीही हसलात. मीही इतकी वर्षे त्यांनाच हसत आले आहे, सोयीचे पडते. बोंबील मात्र, खरे सांगते, फार चवदार होते. एकही टाकला नाही.